सतरा कोरी अंडी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, राग मानू नका, तुमच्यावरही नाही. तुम्ही म्हणाल, डब्याला कसला आलाय संशय! पण माझं कामच तसं आहे. माझ्या पोटात एक बल्ब आहे आणि माथ्यावर अंड्याचं बूड बसेल एवढं भोक आहे. खोलीत अंधार करायचा, बल्ब लावायचा आणि भोकावर अंडं धरायचं. कवचाच्या आतलं सगळं दिसतं. कोंबडी अंड्यांवर बसल्याच्या सातव्या दिवशी आत बारीक लाल शिरांचं जाळं दिसलं, तर जीव धरला आहे. नुसता पिवळा उजेड आरपार आला, तर अंडं कोरं. मग कोंबडी एकवीस दिवस तहानभूक विसरून बसली तरी त्यातून पिल्लू निघत नाही.

मूळचा मी तेलाचा डबा. यवतमाळच्या एका पोल्ट्रीत सदाशिवराव नावाचे गृहस्थ अंडी तपासायला होते. त्यांनी मला कात्रीनं कापलं, आत होल्डर बसवला आणि अंडं तडकू नये म्हणून भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. सदाशिवराव जिभेचे भारी तिखट. अंडी आणणारा माणूस "एक नंबर माल आहे साहेब" म्हणाला की ते म्हणत, "माल गप्प आहे, तूच बोलून राह्यला." आणि एकेक अंडं माझ्यावर धरत. जो फार शपथा घेतो त्याची टोपली आधी तपासायची, हे मी त्यांच्याकडे शिकलो. तिथं माझी बारा-तेरा वर्षं गेली आणि संशय माझ्या पत्र्यात मुरला.

निवृत्त झाल्यावर सदाशिवराव खेड्यातल्या बायांना शिकवू लागले. गावातल्याच एका बाईनं गावातल्या कोंबड्या-बकऱ्यांची देखभाल करायची, तिला पशुसखी म्हणायचं, असं ते शिक्षण होतं. एक दिवस त्यांनी माझ्यावर अंडं धरलं आणि सांगितलं की हे भरलेलं आहे. वीस बायांनी माना डोलावल्या. एक मागच्या ओळीतली सावळी पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, मले पाहू द्या." तिनं पाहिलं. अंडं कोरंच होतं, सदाशिवरावांनी मुद्दाम खोटं सांगितलं होतं. शिक्षण संपलं त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं. तिचं नाव शीला.

शीला मला एसटीनं मांडीवर धरून राळेगावला आणि तिथून आपल्या तांड्यावर घेऊन आली. चाळीसेक घरांचा बंजारा तांडा, चारी बाजूंनी कपाशी आणि तूर. घरात चार माणसं. शीला, तिचा नवरा प्रेम, सासरे धरमसिंग आणि सासू जमनी. प्रेम राळेगावच्या जिनिंगात कामाला जाई. शीला सासूला याडी म्हणते. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. घरात ते गोरबोलीतच बोलतात, पण मी तुम्हाला त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतो. माझी जागा मधल्या खोलीतल्या फळीवर होती. तिथून खोली आणि दाराचा तुकडा दिसे. आवार दिसत नसे, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच होतं.

आमच्या घरी एक म्हैस, बारा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. कोंबड्याला धरमसिंग कप्तान म्हणत. लाल मानेचा, काळ्या शेपटीचा, चालताना अर्धं अंगण आपल्या नावावर असल्यासारखा चाले. तांड्याची रीत अशी की कोणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झाली, की त्या घरची बाई जमनीकडून अंडी घेऊन जाई. पिल्लं निघाली की त्यातली एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, जमनीच्या घरी परत येई. त्यामुळे तांड्यातल्या बहुतेक घरांच्या कोंबड्या आमच्याच अंड्यांतून निघालेल्या. जमनीला त्याचा मोठा अभिमान होता.

शीला सकाळी औषधांची पिशवी घेऊन घराघरांत फिरे. सातव्या दिवशी मला घेऊन जाई, भरदुपारी दार लावून खिडकीवर गोधडी टांगे आणि अंडी तपासे. पहिल्यांदा लालीबाईच्या घरी गेलो तेव्हाचं मला आठवतं. लालीबाई म्हणजे शेजारची एकटी राहणारी म्हातारी. तिनं एक डोळा मिटून अंड्यात पाहिलं आणि किती वेळ हललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अव माय, याचं काळीज उडून राह्यलं." त्या दिवसापासून बाया शीलाला डॉक्टरीणबाई म्हणू लागल्या. दहावीपर्यंत शिकून आलेल्या सुनेला तांड्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काहीतरी मिळालं होतं. ती पिशवी खुंटीला टांगताना दोनदा पुसून टांगे. खरं सांगतो, मलाही बरं वाटे, जरी मी तसं दाखवत नसे.

दोन वर्षं चांगली गेली. मग एका दिवाळीनंतर थंडी पडली आणि अंडी कमी झाली. शीला राळेगावच्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची आणि क्षारांची पावडर दिली. यानं कोंबड्यांची ताकद राहते, अंडी भरलेली निघतात, असं सांगितलं. रोज सकाळी चहाचा एक सपाट चमचा, दाण्यात कालवून. शीग लावायची नाही, जास्त झालं तर फायदा राहिला बाजूला, घातच होतो.

पाकिटाच्या अख्ख्या अंगावर कोंबडा छापला होता, तुरा लालभडक. मी मनात म्हटलं, चित्र एवढं मोठं, म्हणजे आत नक्कीच काहीतरी लपवायचं असणार. जमनीचंही तेच मत. तिचं कारण माझ्यापेक्षा मोठं होतं. खूप वर्षांपूर्वी एक फिरता माणूस तांड्यावर आला होता आणि बकऱ्यांच्या पोटातले जंत जातील म्हणून त्यानं पुड्या वाटल्या होत्या. जमनीच्या चार बकऱ्या दुसऱ्या दिवशी दावणीला मेल्या. तेव्हापासून पाकीट दिसलं की तिचं कपाळ आकसे. आमच्याकडे अशी माणसं पुष्कळ आहेत. पाकिटातलं बियाणं, पाकिटातलं औषध, सगळ्यांनी त्यांना कधी ना कधी चुना लावलेला आहे.

शीला सकाळी फेरीवर जाई, म्हणून तिनं पावडर घालायचं काम सासूवर सोपवलं. जमनी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं पाकिटं घेतली आणि मागच्या खोलीत गेली. मी फळीवरून पाहिलं. मला वाटलं, म्हातारी सुनेपुढं नमली.

तीनेक आठवड्यांनी लालीबाईच्या दोन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या. तिनं आमच्याकडून सतरा अंडी नेली. सातव्या दिवशी शीलानं गोधडी टांगली, बल्ब लावला आणि पहिलं अंडं धरलं. पिवळा उजेड. दुसरं धरलं. पिवळा उजेड. लालीबाई शेजारी बसून मोजत होती. सतराच्या सतरा कोरी. मी आजवर हजारो अंडी पाहिली, पण एका खुराड्यातली सगळी अंडी कोरी, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आणखी एक गोष्ट मला दिसली होती. बलकाची सावली नेहमीपेक्षा काळपट होती. मी तिचा दोष सरळ पावडरीला देऊन टाकला. मला बोलता येत असतं तर मी त्याच दिवशी तांडाभर ओरडलो असतो.

धरमसिंगचा संशय मात्र कोंबड्यावर गेला. कप्तान म्हातारा झाला, त्याच्यात दम उरला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. शीला म्हणाली, थांबा, डॉक्टरांना विचारते. पण पाहुणे आले होते आणि रविवार होता. धरमसिंगनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, डब्यानं दाखवलं, आणखी काय पुरावा पाहिजे? मित्रांनो, मी तेव्हा फळीवर ताठ बसलो होतो. आपल्या साक्षीवर निकाल लागला याचा मला गर्व वाटला. दुपारी कप्तानाचं कालवण झालं आणि पाहुण्यांनी बोटं चाटली.

बाजारातून नवा तरणा कोंबडा आणला. महिनाभर गेला. मग कोकिळाच्या कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली. कोकिळा म्हणजे तांड्यातल्या बायांच्या बचत गटाची अध्यक्ष, बोलायला फटकळ पण मनानं खोटी नाही. सातव्या दिवशी आठ अंडी कोरी निघाली. नवव्यात एक लाल कडं होतं, म्हणजे जीव धरला होता आणि दोन-तीन दिवसांत मेला होता. नव्या कोंबड्याला म्हातारा कोण म्हणणार? आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे पावडर. आणि पावडर आणली कोणी? शीलानं.

तांड्यात कुजबुज सुरू झाली. शीलाच्या पुडीनं कोंबड्या वांझ झाल्या. तिला दवाखान्यातून काहीतरी मिळत असेल. दोन घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. लालीबाई समोर आली की मान वळवून घेई. पशुसखी गटच नेमतो, म्हणून गटाच्या बायांनी ठरवलं की पुढच्या सभेत पिशवीचं काय करायचं ते पाहू. पिशवी जाणार म्हणजे पशुसखीचं काम जाणार, हे शीलाला न सांगता कळलं. सगळ्यात वाईट म्हणजे मीही तिच्याविरुद्ध होतो. तिनं मला पुसलं, वायर गुंडाळली, फळीवर ठेवलं, आणि मी तिच्याकडे संशयानं पाहत राहिलो.

मग तिनं जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. तिनं स्वतःच्या पावडरीवर संशय घेतला. घरच्या कोंबड्यांची पाच अंडी भुशात ठेवली, मला पिशवीत टाकलं आणि एसटीनं दवाखान्यात गेली. डॉक्टरांपुढे अंडी ठेवून म्हणाली की तुमच्या पावडरीनं असं झालं असेल तर खरं सांगा, मी गावात तसंच सांगते. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी आधी अंडी किती दिवसांची ते विचारलं, मग एकेक अंडं बशीत फोडलं. मी टेबलावर होतो, मला नीट दिसलं. तीन अंड्यांचे बलक पिवळे नव्हतेच. हिरवट, मातकट, डाग पडलेले.

डॉक्टरांनी विचारलं, "कोंबड्या सरकीची ढेप खातात का?"

शीला म्हणाली, "नाई. कणी अन् ज्वारी. माह्यी सासू स्वतः टाकते."

तेव्हा डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. सरकीत, म्हणजे कपाशीच्या बीत, आणि तेल काढून उरलेल्या तिच्या ढेपेत एक विषारी द्रव्य असतं. गाय-म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात ते बरंचसं पचून जातं. कोंबडीच्या पोटात तशी सोय नाही. रोज ढेप खाल्ली तर कोंबड्याची ताकद खचते, अंडी फळत नाहीत, फळली तरी आतला जीव सुरुवातीलाच मरतो, आणि अंडी ठेवली तर बलक असा रंग धरतो. पावडरीनं असं होत नाही. मग म्हणाले, "उद्या सकाळी कोंबड्या काय खातात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कोणाला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी शीला फेरीवर गेलीच नाही. पिशवी खांद्याला लावून बाहेर पडली, चार पावलं गेली आणि मागच्या अंगानं परत आली. थोड्या वेळानं आवारातून दोघींचे आवाज आले आणि मग दोघी मधल्या खोलीत आल्या. जमनीच्या हातात घमेलं होतं आणि घमेल्यात भिजवलेली ढेप होती. म्हशीसाठी भिजवलेलीच, तिच्यातली दोन मुठी रोज कोंबड्यांना. एवढ्या कपाशीच्या मुलखात ढेपेपेक्षा पौष्टिक काही असतं, हे जमनीला कोणी सांगूनही पटलं नसतं. ढेपेनं म्हशीचं दूध दाट होतं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

"म्हशीले चालते, तं कोंबडीले काहून नाई चालत?" जमनी म्हणाली.

शीलानं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मग विचारलं की ढेपेबरोबर पावडर किती घातली. जमनीनं घमेलं खाली ठेवलं. मागच्या खोलीत गेली, ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि पाकिटं आणून खाटेवर ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. वरचा कोंबडा तसाच लालभडक.

माझ्या पोटातला बल्ब बंद होता, तरी मला चटका बसल्यासारखं झालं. ज्या पावडरीला मी दोन महिने शिव्या घालत होतो, ती एका कोंबडीच्याही चोचीला लागली नव्हती.

जमनी खाली बसली. म्हणाली, "पुडीनं माह्या चार बकऱ्या मेल्या होत्या. मले भेव वाटलं. तुले नाई म्हनलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं. म्हून चूप राह्यली, अन् त्याच्या जागी चांगलंचुंगलं घातलं."

शीलाचे डोळे भरले. ती म्हणाली, "तांडाभर माह्या पावडरीचं नाव घेऊन राह्यले, याडी. तुले तं मालूम होतं ते पाकीट फुटलंच नाई. एक डाव तरी बोलायचं होतं."

जमनीनं पदर तोंडावर घेतला. मग तिनं विचारलं की आता हे सभेत सांगशील का. शीला म्हणाली की नाही सांगणार. या वयात चार बायांसमोर तुला मान खाली घालायला लावून मला पिशवी नको. तिचं असं म्हणणं होतं की ढेप बंद करू, पावडर चालू करू, महिना-सव्वा महिन्यात अंडी स्वतःच बोलतील. मला हा शुद्ध वेडेपणा वाटला. अंडी कधी बोलतात का? सदाशिवरावांनी हेच तर शिकवलं होतं की माल बोलत नसतो.

सभा आठ दिवसांनी मंदिराच्या ओट्यावर भरली. मी पिशवीत होतो. कोकिळानं सरळ विचारलं. शीलानं सांगितलं की कारण सापडलं आहे, पावडरीचा दोष नाही, मला दीड महिना द्या. बाया म्हणाल्या, काय कारण ते सांग. ती गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. संशयाला गप्प माणूस फार आवडतो, मित्रांनो. एक जण म्हणाली, बघा, लपवते आहे. जमनी तिथंच होती, खांबाला टेकून. मी पिशवीच्या फटीतून तिच्याकडे पाहत होतो. मला वाटलं, आता म्हातारी बोलेल. तिचे ओठ हलले, पण ती बोलली नाही. कोकिळानं पिशवी उचलली आणि पिशवीबरोबर मीही तिच्या घरी गेलो.

तिथले दिवस मी कसे काढले, काय सांगू! कोकिळाला हे काम नकोच होतं. तिनं मला कांद्यांच्या टोपलीमागं ठेवलं. माझ्या भोकातून कांद्याची टरफलं आत गेली, बल्बावर धूळ बसली, उंदरानं वायर कुरतडली. मला धुळीचं दुःख नव्हतं. मला सतरा अंडी आठवत होती. मी कोरं दाखवलं ते खरंच होतं. पण कोरं का, हे मला कुठं ठाऊक होतं? तरी मी मनात कोंबड्याला दोषी धरलं, मग पोरीला दोषी धरलं, आणि दोन्ही वेळा ताठ बसून राहिलो. त्या टोपलीमागं मला स्वतःची लाज वाटली.

उन्हं तापायला लागली तेव्हा लालीबाईची एक कोंबडी पुन्हा खुडूक झाली. लालीबाई आमच्या घरची अंडी घ्यायला तयार नव्हती, हे मी नंतर ऐकलं. जमनी स्वतः टोपली घेऊन तिच्या दारात गेली, अकरा अंडी ठेवली आणि म्हणाली की एक डाव माझ्यासाठी ठेव, नाही निघाली तर पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. लालीबाईनं ठेवली. सातव्या दिवशी कोकिळानं मला बाहेर काढलं, झटकलं, वायरला चिकटपट्टी लावली. तिला काही दिसेना. कुठली शीर आणि कुठली सावली, तिला उमगेना. जमनी म्हणाली, शीलाला बोलवा. शीला आली तेव्हा लालीबाईच्या खोलीत गटाच्या सातआठ बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या.

गोधडी टांगली. बल्ब लागला. शीलानं पहिलं अंडं धरलं आणि मला आतून लाल जाळं दिसलं, मधे काळा ठिपका, तो ठिपका उडत होता. दुसरं, तसंच. तिसरं, तसंच. अकरातली दहा भरलेली. बलकाची ती काळपट सावली कुठंच नव्हती. मला इतका आनंद झाला की वायर धड असती तर मी जास्त उजेड दिला असता.

आणि तेवढ्यात कोकिळा म्हणाली, "पाहा. पिशवी घेतली, पावडर बंद झाली, अन् अंडी भरली. आता तरी पटलं का?"

बायांनी माना हलवल्या. हिशेब अगदी बरोबर दिसत होता. शीला पावडर घालायची तेव्हा अंडी कोरी होती. तिच्या हातून काम काढलं, आता भरलेली. मित्रांनो, ज्या अंड्यांनी तिला सोडवायचं त्याच अंड्यांनी तिला पुरतं अडकवलं. शीलानं अकरावं अंडं हळूच टोपलीत ठेवलं. मग टोपली लालीबाईकडे सरकवली.

अंधारात जमनी उभी राहिली. म्हणाली, "पावडर आधी कधीच पडली नाई. पाकिटं माह्या कोठीत होती. मी ढेप चारत होती, म्हशीची ढेप, रोज दोन मुठी. हिले मालूम नव्हतं. मालूम झालं तं हिनं ढेप बंद करवली, अन् तवापासून सव्वा महिना मी रोज सकाळी पावडर घालून राह्यली. ह्या अंड्यात तेच हाय. पोरगी माह्यासाठी चूप राह्यली, अन् मी माह्यासाठी चूप राह्यली."

कोकिळानं गोधडी बाजूला केली आणि खोलीत भसकन ऊन आलं. सगळ्यांचे चेहरे दिसू लागले, जमनीचाही. तिनं मान खाली घातली नव्हती. कोकिळानं पिशवी आणली आणि शीलाच्या खांद्याला अडकवली. तिला माफी मागणं जमत नाही, पण पट्टा पिळला गेला होता तो तिनं नीट करून दिला. दोघीतिघी उठून आपल्या घरी गेल्या. त्यांच्या म्हशीची ढेप कोंबड्याही टिपतात, हे त्यांना एकदम आठवलं होतं. लालीबाई तेवढी बसून राहिली. ती म्हणाली, "अन् तो कप्तान? त्याची काय चूक होती मंग?"

संध्याकाळी शीलानं लालीबाईचा हा प्रश्न धरमसिंगना सांगितला. नव्या कोंबड्याला त्यांनी अजून नाव दिलेलं नाही.

आता मी पुन्हा फळीवर आहे. माझी वायर नवी आहे, भोकाचं रबर मात्र जुनंच आहे. पावडर अजून चालू आहे, सपाट चमचा, जमनीच्याच हातानं. अंडी भरली ती ढेप थांबली म्हणून किती आणि पावडर पडली म्हणून किती, याबद्दल माझ्या मनात अजूनही थोडा संशय आहे. शीलालाही आहे. ती म्हणते, पुढच्या हंगामात सहा कोंबड्यांना पावडर द्यायची आणि सहांना नाही, मग पाहू. हे मला पटतं.

तर मित्रांनो, माझी एवढी विनंती ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी वस्तू असेल तर तिला कांद्यामागं टाकू नका, अधूनमधून पुसत जा. कोंबड्यांना काय घालता ते आधी जाणत्या माणसाला विचारा, पाकिटातलं असो की घरच्या पोत्यातलं. आणि संशय जरूर घ्या, मी तुम्हाला नको म्हणणार नाही. फक्त अंडं कोरं निघालं म्हणून लगेच कोणाच्या मानेवर सुरी ठेवू नका. मला अंड्यात काय आहे तेवढंच दिसतं. ते तसं काहून झालं, हे तुम्हालाच उठून, आवारात जाऊन पाहावं लागतं.